पगारातून कापलेला कर

ते राज्याचे कर निरीक्षक, मूळचे धुळ्याचे. आमच्या जळगावच्या कापूस जिनिंग गिरणीत आले की चहा नाकारत आणि बोलण्याआधी चष्मा पुसत. मी तिथला पगार कारकून.

परवा मालक तापले. "साहेब, सगळा भार आम्हा धंदेवाल्यांवरच का?"

निरीक्षकांनी पगारपत्रकातलं एकेका कामगाराचं नाव सावकाश वाचलं. मग दारात जमलेल्या कामगारांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बठ्ठासना पगारमातीन व्यवसाय कर कापेल शे, भाऊ. या सगळ्यांनी दिला. तुम्ही सरकारकडे भरला नाही."

निरीक्षक माझ्याकडे वळले. "केव्हापासून भरलेला नाही?"

कर दरमहा मीच कापत होतो. मालकांकडे न बघता मी महिना सांगितला.