पहिल्या नंबरचं बाळ

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मला आधी ठसका लागतो, मग हसू येते. चोऱ्या, दरोडे, खून असे पुष्कळ तपास मी केले. पण पळवून आणलेले मूल आमच्याच साहेबांनी मांडीवर घेऊन फोटो काढला, असा गुन्हा एकच. नावे कुणाचीच लिहीत नाही. त्यातली काही माणसे अजून हयात आहेत आणि उरलेल्यांची नातवंडे वाचणारी आहेत.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. सांगलीहून माझी बदली सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी फौजदार म्हणून झाली होती. गावात एक सेवाभावी क्लब होता. डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचे अधिकारी, दोन-तीन कापडवाले असे सभासद. माणसे भली होती, हे आधीच सांगतो, कारण पुढे मी त्यांची थट्टा करणार आहे. डोळ्यांची शिबिरे, शाळेत वह्यावाटप, स्टँडवर पाणपोई, सगळे करत. फक्त हार, माइक आणि प्रमुख पाहुणे यांच्याशिवाय कोणतेही काम त्यांच्या हातून होत नसे. पाणपोईच्या उद्घाटनाला पाहुण्यांची वाट बघत लोक तहानेने कासावीस होऊन उभे होते, हे मी बंदोबस्तावर असताना स्वतः पाहिले आहे.

त्या वर्षी क्लबने सुदृढ बालक स्पर्धा ठेवली. पहिल्या बाळाला कप आणि दूध पावडरचे डबे, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक बाळाचा फोटो फुकट. प्रमुख पाहुणे म्हणून आमचे उपअधीक्षक साहेब येणार होते. साहेब म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. बोलण्यालाही इस्त्री केलेली असायची.

रविवार होता. शाळेच्या मैदानावर दोन शिपाई आणि एक हवालदार बंदोबस्ताला देऊन मी ठाण्यातच थांबलो होतो. उन्हे तापायला लागली तेव्हा एक बाई पदर सावरत, धावत आत आली. गावातल्या बांगडीवाल्याची बायको. नवरा उंब्रजच्या बाजाराला गेलेला. ती नदीवर धुणे घेऊन गेली, मूल ओसरीवर झोळीत झोपवून गेली. परत आली तर झोळी रिकामी.

"सायेब, आठ म्हैन्याचं प्वार माजं. कुनी न्हेलं हो?" एवढे बोलून तिने जमिनीवर बसकण मारली.

मूल हरवले की बाकीचे सगळे कागद बाजूला पडतात. मी वर्णन विचारले. अंगाने भरलेला, गोरा, गालाला खळी, पाठीवर डाव्या बाजूला तांबूस जन्मखूण. स्टेशन डायरीत नोंद केली आणि माणसे पाठवली. ठाण्यातल्या एका जुन्या जमादाराने सवयीप्रमाणे नदीपलीकडच्या भटक्यांच्या पालांकडे बोट दाखवले. मूल हरवले की पहिला संशय पालावर, ही आमच्या खात्याची वाईट खोड. मी त्याला म्हटले, "आधी गल्ली बघा. ओसरीवरचं मूल न रडता गेलंय, म्हणजे ओळखीच्या काखेत गेलंय."

तरी खबरदारी म्हणून त्याला एसटी स्टँडवर धाडले. पाटण आणि कोयनानगरच्या गाड्या थांबवून त्याने लेकुरवाळ्या बायका तपासल्या आणि तीन गुटगुटीत मुले, त्यांच्या तीन संतापलेल्या आयांसह, ठाण्यात आणून उभी केली. त्या बायकांनी मला जे ऐकवले ते डायरीत लिहिण्यासारखे नव्हते. त्यांच्या गाड्या निघून गेल्या होत्या, ते वेगळेच.

एवढ्यात स्पर्धेच्या बंदोबस्तावरचा हवालदार परत आला. साहेब चांगलेच उशिरा पोचल्यामुळे कार्यक्रम लांबला होता. पण हवालदार खूश होता.

"सायेब, पहिला नंबर आलेलं प्वार बघायला पायजे हुतं तुमी. तागडीत बसवलं तर डाक्टरच हसायला लागला. काय त्ये गाल, काय ती खळी! पाठीवर ह्येवढी तांबडी खूण. आपल्या सायबांनी मांडीवर घेतलं आन् लगेच प्यांट भिजवली त्येनं."

मी लेखणी खाली ठेवली. "खूण कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

कोपऱ्यात बसलेली बाई उठून उभी राहिली. मला मात्र क्षणभर बसून राहावेसे वाटले. सगळे ठाणे ज्या मुलाला शोधत होते, ते साहेबांच्या मांडीवर होते. पुढे कळले की त्याआधी साहेबांचे भाषणही झाले होते, आणि विषय होता, आईबापांनी मुलांकडे लक्ष ठेवावे.

मैदानावर जाऊन मी क्लबच्या चिटणिसांना गाठले आणि पहिल्या नंबरचे बाळ कुणी आणले होते ते विचारले. ते कापडवाले होते. ते म्हणाले, "म्हातारी विचित्रच होती साहेब. नंबर आला म्हटल्यावर पळायलाच निघाली. आम्हीच धरून व्यासपीठावर आणली. कपाकडे बघितलं नाही. फोटो कधी मिळणार, एवढंच विचारत होती. फोटोग्राफरनं चार वाजता दुकानात बोलावलंय."

चार वाजेपर्यंत थांबावे लागले नाही. दुकानात डोकावलो तर म्हातारी बाकावर बसलेली, शेजारी कप, मांडीवर पहिला नंबर. बाळ निवांतपणे बिस्कीट चघळत होते. म्हातारी घराकडे निघाली होती, पण गल्लीत पोलीस बघून मागे वळली आणि इथे येऊन बसली होती. बांगडीवाल्याची ती शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर.

ठाण्यात आणून मी चौकशी सुरू केली. आवाज जरा चढवला.

"मूल का चोरलं?"

"चोरलं न्हाई सायेब. आनलं."

"आईला विचारलं होतं?"

"इचारलं असतं तर दिलं असतं व्हय तिनं?"

पोलिसी खाक्या अट्टल गुन्हेगारांवर चालतो, म्हाताऱ्यांवर नाही. मी तिला पाणी दिले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. तिचा मुलगा फौजेत, सरहद्दीवर. तो पलटणीत गेल्यावर इकडे नातू झाला, तो त्याने अजून पाहिलाच नव्हता. नातू अगदीच काडीपैलवान. पण मुलाला काळजी नको म्हणून म्हातारी दर पत्रात लिहून घ्यायची, पोरगं पैलवान हाय, दोघांना उचलत न्हाई. आता मुलगा फोटो मागत होता. त्यात क्लबची दवंडी आली, फोटो फुकट. शेजारचे गुटगुटीत पोर तर दिवसभर हिच्याच मांडीवर खेळायचे.

"म्या म्हनलं, फोटू काढायचा आन् ती नदीवरनं यायच्या आत प्वार झोळीत टाकायचं. पर तुमचे सायेब काय येळंवर येईनात, आन् त्या मुडद्यांनी नंबर काढला माजा."

बांगडीवाल्याच्या बायकोने मूल छातीशी धरले होते. तिला म्हातारीचा राग होताच, पण नंबराचे ऐकून तिचा चेहरा उतरला.

"म्हंजी समद्या गावानं बगितलं माज्या पोराला? टाळ्या वाजिवल्या?"

"वाजवल्या तर," हवालदार अभिमानाने म्हणाला.

झाले. पळवून नेल्याचे दुःख राहिले बाजूला. दृष्ट लागेल म्हणून ज्या पोराला तिने स्पर्धेला धाडले नव्हते, त्या पोराला अख्ख्या तालुक्याने डोळे भरून पाहिले होते. दृष्ट काढल्याशिवाय मी पोराला घेऊन उंबरा ओलांडणार नाही, असे तिने जाहीर केले. समोरच्या हॉटेलातून मीठ, मोहऱ्या आणि मूठभर लाल मिरच्या आल्या. शेगडी आली. पोरावरून उतरवण्याचे काम म्हातारीनेच केले, कारण त्यात ती पटाईत होती. फिर्यादी पुढ्यात पोर धरून बसली आहे आणि आरोपी पुटपुटत हात ओवाळते आहे, असे दृश्य मी त्यानंतर कधी पाहिले नाही.

मिरच्या शेगडीत पडल्या. अशा वेळी ठसका लागला नाही तर दृष्ट पक्की, असे मानतात. पण आमचे सगळे ठाणे खोकायला लागले. मी, हवालदार, कोठडीतले दोन जुगारी, सगळे. बांगडीवाल्याच्या बायकोचा चेहरा खुलला. तेवढ्यात, दुसरी पँट घालून, साहेब आत आले आणि दारातच खोकत उभे राहिले.

"हा काय प्रकार आहे?"

मी सॅल्यूट ठोकून प्रकार सांगितला. कोणते मूल, हेही सांगितले. साहेबांनी आधी आपल्या पँटकडे बघितले. मग म्हणाले, "फोटो छापून झाला का?" आणि आम्ही सगळे हसलो. म्हातारीसुद्धा हसली.

हसली नाही ती एकटी म्हातारीची सून. ती केव्हा दारात येऊन उभी राहिली, आम्हाला कळलेच नाही. काखेत मूल होते. हातपाय बारीक, डोळे मात्र टपोरे. तिने सगळे ऐकले होते.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "माज्या पोराला का न्हाई न्हेलं?"

म्हातारी चाचरली. "अगं, त्यो तिकडं बरफात हुबा हाय. त्येच्या जिवाला घोर नगं म्हनून..."

"म्हनून दुसऱ्याचं दावायचं? उद्या रजेवर आला, आन् ह्येला उचलून म्हनला, ह्यो कुनाचा, मग म्या काय सांगू?"

मी त्या बाईकडे बघू शकलो नाही, हे खरे आहे. म्हातारी मान खाली घालून बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. शेवटी बांगडीवाल्याची बायको पुढे झाली. म्हणाली, "मावशी, उठा. माजी काय तक्रार न्हाई. पर तुमच्या नातवाचा फोटू काडा." आणि माझ्याकडे वळून, "लिवा सायेब, शेजारनीनं खेळवायला न्हेलं हुतं."

मी तसा जबाब लिहून घेतला.

म्हातारी उठली ती थेट साहेबांसमोर गेली. "आवं सायेब, त्येला मांडीवर घ्येतलं. मग माज्या नातवानं काय घोडं मारलंय?"

साहेबांनी टोपी नीट केली, खुर्ची ओढली आणि हात पुढे केले. फोटोग्राफरला बोलावून तो फोटो ठाण्यातच काढला. तो सरहद्दीवर गेला. पहिला फोटो साहेबांनी मागून घेतला. त्याचे पुढे काय झाले, ते विचारण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. कप मात्र दोन्ही घरांनी नाकारला. तो आमच्या मुद्देमालाच्या कपाटात राहिला आणि पुढे हवालदार त्यात टाचण्या ठेवू लागला.

त्या तपासाने मला एक शिकवले. फिर्याद जो आधी घेऊन येतो, त्याच्याखेरीजही कुणाचे काही गेलेले असते. त्या दिवशी एक मूल उचलून नेले, त्यासाठी माझ्याकडे कलम होते. दुसरे मूल दाखवण्यासारखे नाही म्हणून घरी ठेवले, त्यासाठी कुठल्याच पुस्तकात कलम नव्हते, आणि ती आई न्याय मागायला आमच्याच दारात आली होती. पुढच्या नोकरीत फिर्यादीशेजारी गप्प उभ्या असलेल्या माणसालाही मी एक प्रश्न विचारू लागलो.

तो जवान काही महिन्यांनी रजेवर आला. स्टँडवर ड्युटीला आमचा हवालदारच होता, त्याने सांगितले. दोन्ही घरच्या बायका न्यायला आल्या होत्या, आणि गप्पांच्या भरात पोरांची अदलाबदल झालेली. गुटगुटीत पोर त्याच्या बायकोच्या काखेत, बारीक पोर बांगडीवालीच्या. जवान गाडीतून उतरला, ट्रंक खाली ठेवली आणि बायकोला ओलांडून सरळ बांगडीवालीकडे गेला. बारीक पोर उचलून खांद्यावर घेतले आणि म्हणाला, "फोटूपरास लय मोठा झालाय गड्या."