दोन इसा उरले असताना

संध्याकाळचे सहा वाजले की मला अजूनही बसवत नाही. सांगलीत विश्रामबागच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलपासून गॅलरीपर्यंत अकरा पावलं आहेत. ती मी जातो, परत येतो, पाणी पितो, पुन्हा जातो. बायको म्हणते, "अहो, एका जागी बसा बघू. बघूनच मला चक्कर येतेय." त्यामागचं कारण तिला माहीत आहे. मीच सांगितलं, पण उशिरा सांगितलं.

मला डार्ट्सचे सामने बघायचा नाद आहे. खेळायचा नाही, बाण मी कधी हातातसुद्धा धरलेला नाही. साताऱ्याला बदली होती तेव्हा खोलीवर एकटा जेवताना मोबाइलवर काहीतरी चालू ठेवायचो. त्यात एकदा हे लागलं. सैल, भडक शर्ट घातलेला एक जाडसर माणूस भिंतीवरच्या गोल फळ्यावर तीन बाण मारतो आणि बाजूला होतो. मग दुसरा येतो. हे काय बघायचं, असं मलाही वाटलं होतं. पण ताटातली आमटी गार झाली तरी मी उठलो नाही.

खेळ साधा आहे. दोघांकडे पाचशे एक गुण असतात, ते कमी करत शून्यावर आणायचे. विसाच्या घरात एक चिंचोळी पट्टी असते, तिथे बाण बसला की एकदम साठ जातात. मात्र शेवटचा बाण कडेच्या पट्टीतच बसावा लागतो, तिथे आकडा दुप्पट होतो, आणि उत्तर बरोबर शून्य यावं लागतं. ती पट्टी करंगळीएवढीही रुंद नाही. साडेचारशे गुण हसत उडवणारा माणूस तिथे येऊन अडकतो. बाण पट्टीच्या कडेला असलेल्या तारेच्या बाहेर जातो. पुन्हा बाहेर. समोरचा मागून येऊन त्याला गाठतो. माझ्या ऑफिसात कुठलीच गोष्ट संपत नाही. फाइल वर जाते, शेरा घेऊन खाली येते. इथे मात्र बाण आत तरी असतो, नाहीतर बाहेर. त्या एका क्षणासाठी माझे तळपाय ओले व्हायचे.

सांगलीला परत आलो आणि गेल्या दिवाळीनंतर आबांना, माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पूर्वेकडच्या माळावरचा, मेंढरांमागं जन्म काढलेला माणूस. उन्हाळ्यात कळप घेऊन ते पलूस, कुंडलकडच्या बागायती रानात यायचे, खतासाठी शेतात मेंढरं बसवायचे. गोफणीतून सुटलेला त्यांचा खडा पुढच्या मेंढीला कधी लागला नाही. तिच्या तोंडापुढं हातभर अंतरावर पडायचा आणि सगळा कळप वळायचा. तोच उजवा हात आता मूठ वळून मांडीवर पडून राहिला.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "पकड आधी येते, बोटं उघडणं मागून येतं. पहिले सहा महिने महत्त्वाचे. रोज एक तास, चुकवू नका." बायको कॉलेजच्या ऑफिसात असते, घरी यायला तिला साडेसात होतात. म्हणून सहा ते सात हा तास माझा ठरला. दोन वाट्या घ्यायच्या. एका वाटीतला चिंचोका आबांनी उचलायचा, दुसऱ्या वाटीत टाकायचा. उचलायला त्यांना महिन्याभरात जमलं. टाकायला जमेना. मग मी अंगठ्यापासून एकेक बोट उघडून द्यायचं.

डिसेंबरात मोठी स्पर्धा सुरू झाली. ती परदेशात होते, तिकडं दुपार असते तेव्हा आपल्याकडे सहा वाजतात.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "आबा, आज जरा हे बघू, उद्या दीड तास करू." मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. वाट्या बाजूला सारल्या.

आबांनी थोडा वेळ बघितलं. त्यांची जीभ जड झाली होती, पण बोलणं कळायचं. "किती ऱ्हायलं त्याचं?"

"एकशे साठ."

"मंजी आठ इसा."

आबा सगळं विसाविसाने मोजायचे. संध्याकाळी मेंढरं वाघुरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, घेताना एकेक वीस झालं की बोट मिटायचं. वीसला ते ईस म्हणत. पाढे शिकून आल्यावर मी त्यांना या मोजण्यावरून हसलो होतो. आणि हा परदेशी खेळ तर सगळा विसाचाच निघाला. एका बाणात तीन इसा. तिन्ही बाण पट्टीत बसले की नऊ इसा. कागदावर वजाबाकी करून मी मान वर करेपर्यंत आबांचं उत्तर आलेलं असायचं.

"तुला साळंत घालून काय मिळालं रं?" ते म्हणाले आणि वाकड्या तोंडाने हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

त्या हसण्याचाच मी आडोसा केला. बघा, आबा खूश आहेत. दुसऱ्या दिवशीही वाट्या बाजूला राहिल्या. तिसऱ्या दिवशी मी त्या कपाटातून काढल्याच नाहीत. बायको आली की विचारायची, "मामा, झाला का व्यायाम?" सासऱ्यांना ती मामा म्हणते. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणायचे, "व्हय, झाला की. लय दमवतंय ह्ये पोरगं." आणि माझ्याकडे बघायचेही नाहीत.

स्पर्धा संपली. मला थांबता आलं नाही. जुने सामने लावू लागलो. निकाल माहीत असायचे, तरी उठून उभा राहायचो, अकरा पावलं जायचो आणि यायचो. जानेवारी गेला, फेब्रुवारीही गेला. दर महिन्याला दवाखान्यात बाई विचारायच्या, मी "रोज करतो" म्हणायचो, शेजारी आबा मान डोलवायचे. शेवटच्या खेपेला त्यांनी आबांची मूठ हळूहळू उघडून बघितली. "पकड छान आहे," त्या म्हणाल्या, "पण इतक्या दिवसांत बोटं थोडी तरी उघडायला हवी होती. नक्की रोज करता ना?"

मी हो म्हणालो.

त्याच संध्याकाळी एक जुना सामना लागला. एका खेळाडूचे चाळीस उरले होते.

"दोन इसा," आबा म्हणाले.

त्याने हात उचलला, पुढे नेला आणि बाण सुटला नाही. हात मागे आणला. पुन्हा नेला, पुन्हा नाही. काही खेळाडूंना असं होतं. वर्षानुवर्षं बाण मारलेली बोटं एक दिवस उघडायचं नाकारतात. कपाळावर घाम, हात पुढं, हात मागं.

"सोड की गड्या!" आबा ओरडले. मग खाली बघितलं. डाव्या हाताने आपली उजवी मूठ उचलून मांडीवर नीट ठेवली, एखादं कोकरू ठेवावं तशी. "त्येचंबी माज्यावानीच हाय. धरलंय, पर सुटंना."

मी उभा होतो. मोबाइल बंद केला.

"आबा, बाईंना खोटं का सांगितलंत?"

"तू सांगितलंस म्हून." मग म्हणाले, "दिसभर आफिसात मान मोडून येतूस. तेवढंच बघताना तुज्या तोंडावर जीव येतो. मला वाटलं, हात काय, म्हाताऱ्याचा हाय."

बायको आल्यावर मी तिला दारातच सगळं सांगितलं. ती चप्पल काढायची थांबली. "म्हणजे दोन-अडीच महिने तुम्ही लोकांचे हात बघत बसलात," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन कपाटातून वाट्या काढल्या. दुसऱ्या दिवशी मी एकटाच दवाखान्यात गेलो. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "वेळ गेला तो गेला," त्या म्हणाल्या. "थोडं येईल, कदाचित येणारही नाही. करत राहा."

आता सहाला मोबाइल स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर पालथा असतो. मी आबांसमोर बसतो. पाय ऐकत नाहीत, आतून कुणीतरी ओढल्यासारखे हलत राहतात. मी अंगठा उघडतो, मग तर्जनी. आबा मोजतात. तीन इसा झाल्याशिवाय ते मला उठू देत नाहीत.

परवा त्यांनी चिंचोका उचलला, हात दुसऱ्या वाटीवर आणला. मी बोट धरायला पुढं झालो, तर त्यांनी मान हलवली. हात थरथरत तिथेच राहिला. माझे तळपाय ओले झाले. आणि चिंचोका पडला. वाटीच्या कडेला लागून फरशीवर टणटणत गेला, पलंगाखाली.

"तारंच्या भाईर," आबा म्हणाले.

त्यानंतर तो एकदाही आपणहून सुटलेला नाही. काल नाही, आजही नाही. पण तेव्हा मी पलंगाखाली हात घालून चिंचोका शोधत होतो, आणि वरून आवाज आला, "रडतूस कशापायी? आन हिकडं. पुन्यांदा."