हे नको, ते द्या

आईबापाने, काका-काकूने आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या चार शहाण्या माणसांनी मिळून एका पोरीला फसवलं. ‘समजूतदार, समजूतदार’ म्हणत फसवलं. मी भाजी विकते. फसवणूक मला लांबून कळते.

ती माझ्या गाळ्यावर यायची तेव्हा पिशवीचा बंद तोंडात असायचा. तो चघळत, माझ्याकडे न बघता म्हणायची, “मावशी, पाव किलो भेंडी. कुठलीही चालेल.”

कुठलीही! नायगाव पूर्वेला, जूचंद्रच्या रस्त्याला माझा गाळा आहे. आधी त्याच रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसायचे, सासरच्या वाडीतली केळी आणि अळू घेऊन. गोणपाटावरून गाळ्यात आले ती तोंडाच्या जोरावर. गाडीतून उतरणाऱ्या बायका माझ्याशी कोथिंबिरीच्या चार काड्यांसाठी भांडतात आणि मी त्यांना पुरून उरते. टॉवरमधली पोरं तर महाचोर. “मावशी, एक चिकू टेस्ट करू?” म्हणत अर्धी टोपली टेस्ट करतात. मी ओरडते, पण मनातून मला ती आवडतात. भाव करणाऱ्याला वस्तू हवी असते. जो भावच करत नाही तो एक तर गर्भश्रीमंत, नाही तर आधीच हरलेला. आणि ही तिसरीत शिकणारी पोर गर्भश्रीमंत नव्हती.

तिचा बाप मस्कतला. आई पुण्याला एका हॉस्पिटलात कामाला. दोघांचं फाटलं, राहता फ्लॅट गेला आणि पोरीला समोरच्या बिल्डिंगमधल्या काकाकडे ठेवलं. “जरा बस्तान बसलं की नेते,” आई म्हणाली होती. त्याचं पुढे ‘दिवाळीत नेते’ झालं. त्या दिवाळीत पोर नवा फ्रॉक घालून सकाळपासून गेटवर उभी. रिक्षा थांबली की टाचा वर करून बघायची. मग ‘परीक्षा झाली की नेते’. त्यानंतर पोरीने विचारायचंच सोडलं, आणि त्याचं घरात केवढं कौतुक!

“काही म्हणजे काही त्रास नाही हो हिचा,” काकू वांगी निवडताना सांगायची. “कपडेसुद्धा पिशवीतच घडी करून ठेवते. कपाटात जागा मागितली नाही कधी.”

मला सांगा, इतके महिने पिशवी न सोडणारं लेकरू तुमच्या घरात असतं तर तुम्ही त्याचं कौतुक केलं असतं?

तिच्या शाळेतल्या बाई माझ्याच गिऱ्हाईक. त्याही खूश. “वर्गात आवाज नाही तिचा. फक्त चित्राच्या तासाला अडते. झाडाला कुठला रंग देऊ विचारते. म्हटलं, तुला आवडेल तो दे. तर कागद कोराच!” हे हसत हसत सांगताना बाई एकेका दुधीला नख लावून बघत होत्या. दुधी जून आहे की कोवळा, हे बघायला यांच्याकडे वेळ असतो.

कोणी म्हणेल, परिस्थिती वाईट होती हो त्यांची. असेल. परिस्थिती मला कोणी शिकवू नये. माझी पोरं गोणपाटावर वाढली. फाटक्या चड्डीत फिरली, पण बताशा दिला नाही म्हणून मला चावलीसुद्धा. आई कुठे पळून जात नाही याची खात्री असली की लेकरू चावतं. ही पोर कोणाला चावणार? मस्कतला? का फोनमधून “माझं शहाणं बाळ गं ते” म्हणणाऱ्या आईला?

एकदा मी मुद्दाम तिच्या पिशवीत नासका टोमॅटो टाकला. म्हटलं, आता तरी भांडेल. तिने बघितला, पिशवीत नीट तळाशी सरकवला आणि म्हणाली, “चालेल मावशी. आमटीत कळत नाही.”

माझं डोकंच फिरलं. टोमॅटो काढून मी गटारात भिरकावला. “इकडे ये. म्हण, हे नको, ते द्या.”

“कशाला?”

“मी सांगते म्हणून! भवाने, म्हण!”

“हे नको, ते द्या,” ती पाढा म्हटल्यासारखी म्हणाली आणि तेच उचलायला गेली, जे नको म्हणाली होती.

पण मीही हट्टाची. ती आली की आमचा पाढा सुरू. मी मुद्दाम वाकडी काकडी पुढे करायची, तिने बोट दुसरीकडे दाखवायचं. शेजारचा इस्त्रीवाला भय्या हसायचा, “मौसी, कायको बच्ची को झगडा सिखाती?” मी म्हणायची, “तू तेरा कपडा जला!”

आणि एके दिवशी ते झालं. आमच्या वाडीतली सुकेळी आली होती, राजेळी केळी उन्हात वाळवून पानात बांधलेली. मी तिच्यापुढे साधं वेलची केळं धरलं. तिने तोंडातला बंद काढला. सुकेळ्यांकडे बोट केलं. “हे नको. ते द्या.” आणि माझ्याकडे सरळ बघून, “दुसरं नाही चालणार.”

मी पुडी तिच्या हातात कोंबली आणि उगाच एका गिऱ्हाईकावर खेकसले. डोळ्यात काही तरी गेलं होतं.

मग मे महिन्यात तिच्या काकाकडे बैठक बसली. पुण्याहून आई आली, मामा आला, बाप फोनवर. सोसायटीचे सेक्रेटरी मोठं माणूस म्हणून मधल्या खुर्चीत. जेवणावळीची भाजी पोचवायला मी गेले होते, दारातच थांबले.

आईने पोरीला जवळ घेतलं. “नाशिकला खूप छान होस्टेल आहे. मैत्रिणी, झोपाळे, सगळं. चालेल ना बाळा?”

पिशवी घरातही पोरीच्या काखेतच होती. तिने दाराकडे, माझ्याकडे बघितलं. तोंडातला बंद काढला.

“हे नको,” ती म्हणाली. स्पष्ट म्हणाली. आणि बोट उचललं. आईच्या छातीपाशी नेलं. “ते...”

“ए!” काका मध्येच म्हणाला. “शहाणी ना तू? मम्मीला त्रास द्यायचा का?”

आईने मान खाली घालून फोन हातात घेतला. फोनमधून बाप म्हणाला, “आवाज कट होतोय, काय म्हणाली ती?”

बोट खाली आलं. बंद पुन्हा तोंडात गेला.

“चालेल,” पोर म्हणाली.

खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सेक्रेटरी म्हणाले, “बघा, किती समजूतदार!” आणि समोशांची बशी फिरली. मी दारातून ओरडले, “ती नको म्हणाली! बहिरे आहात का सगळे?” काकू उठली. “भाजी ठेवा आणि निघा, मावशी. घरचा मामला आहे.”

जूनमध्ये ती गेली. पिशवी भरायला वेळ लागलाच नसेल. रिक्षा माझ्या गाळ्यासमोरून जाताना मी आडवी झाले आणि सुकेळ्यांची पुडी उघडून तिच्यापुढे धरली. मधासारखी चकाकणारी सगळी बाजूला सारून तिने कडेचं एक काळं पडलेलं उचललं.

“हे चालेल, मावशी,” ती म्हणाली.

ती सगळी माणसं अजून माझ्याकडूनच भाजी नेतात. जुडी उलटीपालटी करतात, किडकं पान दिसलं तर तोंड वाकडं करतात. पोर कशी आहे विचारलं की म्हणतात, “मस्त रुळली. तक्रारच नाही.”

त्या खोलीत ती ‘हे नको’ म्हणाली होती. मी दारात होते, मला ऐकू आलं. तुम्ही तर खुर्च्यांवर बसला होतात. भाजी राहू द्या बाजूला. तुमच्यापैकी एकाने, कोणीही एकाने, माझ्या डोळ्यात बघून सांगा की तुम्हाला ऐकू आलं नाही.