शेजारी थोडी जागा

जुन्या कॉम्प्युटरवर लेक लिनक्स टाकत होती. मध्येच थांबून तिनं विचारलं, "आई, आधीचं विंडोज पुसून टाकू, की ते ठेवून शेजारी हे बसवू?"

म्हणजे असं विचारता येतं! माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यावर माझं नवं नाव लिहिलं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. पुढे माहेरीही तेच नाव रुळलं. आधीचीला शेजारी थोडी जागा दिली असती, तर दोघी सुखानं नांदल्या नसत्या का? पण तेव्हा मलाही ते सुचलं नाही.

"राहू दे ते. शेजारी बसव," मी म्हटलं.

शेवटी कॉम्प्युटरनं वापरणाऱ्याचं नाव मागितलं. कीबोर्ड ओढून मी लिहिलं, कुसुम.

लेकीनं पडद्यावरचं नाव वाचलं. "आई, ही कुसुम कोण?"