अक्काचा हेल

ते गाणं कानावर पडलं की मला किळस येते. रिक्षात, मोबाईलच्या दुकानात, शेजारणीच्या पोराच्या रिंगटोनला, जिथं जावं तिथं तेच. लाखो लोकांनी पाहिलं म्हणे. पाहोत बापडे.

माय गेली तेव्हा मी जळगावहून आधी पोचले होते. आमचं गाव सोनगीरच्या पुढे, हायवेपासून आत. माझी थोरली बहीण, अक्का, जामनेरहून यायची होती. आमच्याकडे लेक माहेरी मौतीला येते ती गल्लीच्या तोंडापासून हेल काढत, सुरात रडत. आधी तिचा आवाज घरात शिरतो, मग ती. आत गप्प बसलेल्या बायांचं अडलेलं रडू तेव्हा कुठं सुटतं. अक्काचा हेल तर भावकीत नावाजलेला. "कोठे गयी वं माय, कोठे गयी... तुना बिगर घर सुनं शे वं माय..." मायनं बांधून दिलेली शिदोरी, मायनं घातलेली वेणी, सगळं सुरात आठवत ती आली.

मी दारात उभी होते. माझी लेक पुण्यात परीक्षेत अडकली होती, आजीचं शेवटचं तोंडही दिसलं नाही म्हणून फोनवर हुंदके देत होती. मी मोबाईल काढला, अक्काचा हेल रेकॉर्ड केला आणि तिला पाठवला. नातीनं निदान ऐकावं, एवढंच मनात होतं. माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती, देव जाणे.

लेकीनं तो एका मित्राला ऐकवला. मित्राचा बँड. चारचौघांसारखं गाणं नाही हो त्यांचं, 'ऑल्टरनेटिव्ह पॉप' म्हणे. त्यांनी अक्काच्या हेलातला 'माय' तेवढा कापून टाकला. उरलं "कोठे गयी वं, कोठे गयी". त्याला गिटार लावली, ढुम-ढुम ठोका लावला, मधे एक पोरगा घोगऱ्या आवाजात हरवलेल्या प्रेयसीबद्दल काहीतरी गुणगुणतो. शी! खाली लिहिलंय, 'पारंपरिक खान्देशी सूर'. अक्का जिवंत आहे, रोज शेतात जाते, आणि ही पारंपरिक! मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

मी लेकीला फोनवर फाडफाड बोलले. ती म्हणाली, "आई, चिल ना. किती रॉ आहे तो आवाज, लोकांना रडू येतंय." रडू? कंबर हलवत रील करतात, त्यांना रडू येतंय? "अगं, जनाची नाही तर मनाची तरी ठेव," म्हटलं आणि फोन आपटला. पण अक्काला सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, तिला कशाला कळतंय, असं म्हणत मी गप्प राहिले. त्या गाण्याइतकीच मला माझ्या त्या गप्प राहण्याची किळस येते.

तिला कळलं ते एरंडोलला, चुलत भावाच्या लेकीच्या हळदीत. अक्का नवरीला हळद लावत होती. डीजेवाल्यानं ते गाणं लावलं आणि मांडवातली पोरं-पोरी धावत आली. आमचीच पोरं, खान्देशची. पण शहरात वाढलेली, हेल कधी ऐकलेला असेल तर ना! नवरीसुद्धा बसल्या जागी खांदे उडवायला लागली.

अक्काचे हात तिथंच थांबले. "हाऊ मना आवाज शे ना वं?" तिनं मला विचारलं. मी मान खाली घातली. "हाई तं माय गयी तवयनं शे. यासले सांग, बंद करा."

मी उठेपर्यंत तिचं बोलणं ऐकून कुणीतरी ओरडलं, "अरे, गाणंवाली आत्या हीच!" झालं. पाच-सहा मोबाईल तिच्या तोंडासमोर आले. "आत्या, एकदा लाईव्ह म्हणा ना!" हळदीनं माखलेले हात, धड कान झाकता येईनात, धड डोळे पुसता येईनात. मी त्या पोरांना हाकललं, डीजेवाल्याला शिव्या घातल्या. घरातले मोठे मलाच म्हणाले, "शुभकार्यात तमाशा नको."

यंदा काकू गेली. माय गेल्यावर तिनंच आमचं माहेर सांभाळलं होतं. त्याच गल्लीत, त्याच घरात आम्ही बाया अक्काची वाट बघत बसलो. हेल ऐकूच येईना. बस चुकली असेल, कुणी म्हणालं. तेवढ्यात अक्का दारात उभी. तोंडात पदराचा बोळा. फाट्यापासून तशीच चालत आली होती.

मी उठून तिच्या गळ्यात पडले. "अक्का, रड ना वं," म्हटलं. तिनं तोंडातला पदर काढला, माझ्या हातातल्या पर्सकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुना मोबाईल बंद शे ना?"

मी पर्स उघडली, बंद केलेला फोन तिच्या हातात दिला. तिनं तो उलटापालटा करून पाहिला, परत दिला आणि पदर पुन्हा तोंडात कोंबला.