चित्रात न दिसणारे हात

लेकीने वाढदिवसाला एक सचित्र पुस्तक दिलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक-रोमन विचारवंतांची शिकवण, आजच्या माणसांसाठी. जे आपल्या हातात नाही त्यासाठी जीव जाळू नये, असा एकूण सूर. एका पानावर आपलं जहाज बुडाल्याची बातमी ऐकणारा माणूस आहे. चेहरा शांत, हात पांढऱ्या वस्त्राच्या आत.

ते पाहताना मला मिरजोळ्याच्या आमच्या अंगणातल्या ओल्या काजूंचा उग्र वास आला.

मी तेव्हा शाळेत होते. आई विळीवर बिया चिरून गर काढत होती. शेजारचे अण्णा अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थांबले. "वहिनी, मुंबईच्या हॉस्पिटलातून फोन होता. भाऊ गेले." भाऊ म्हणजे माझे वडील.

"बसा, अण्णा. पाणी आणते," आई म्हणाली. हात धुऊन तिने पाणी आणलं, मग परत विळीवर बसून टोपलीतल्या उरलेल्या बिया संपवल्या. डोळ्यांत टिपूस नाही. बाई खंबीर हो, असं वाडीभर झालं. मला मात्र तिचा राग आला होता.

काजूचा चीक कातडी जाळतो. म्हणून बोटांना खोबरेल लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी ओल्या बीला हात लावत नाही. तेलाची वाटी त्या दिवशी आईच्या शेजारीच होती. हात धुऊन आल्यावर तिला ती दिसलीच नाही.

तेराव्याला आलेल्या माणसांना ती हात जोडत होती, तेव्हा दहाही बोटांची सालं निघत होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मीही.