रडक्या चेहऱ्याचं बटण

आमच्या सुपरमार्केटात बिलाचे सात काउंटर आहेत. लहान मुलं घेऊन आलेली बाई त्या सातांवरून एकदा नजर फिरवायची आणि मुकाट्याने चारच्या रांगेत जाऊन उभी राहायची. तीन रिकामा असो, सहा रिकामा असो. पाचवर मी बसायचे, त्यामुळे माझ्यासमोर चिटपाखरू नाही आणि शेजारची रांग दुधाच्या फ्रीजपर्यंत गेलेली, हे मी वर्षानुवर्षं बघितलंय. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. तसा मला कशाचाही येतो. माझा नवरा म्हणतो, तुला आधी राग येतो आणि मग तू दिवसभर त्याला कारण शोधत फिरतेस.

चारवर बसायची ती टींमावशी. हे नाव मुलांनी ठेवलेलं. वस्तूवरच्या काळ्या रेघा लाल उजेडासमोर धरल्या की मशीन ‘टीं’ करतं, त्यावरून. हजेरीपटावर तिचं दुसरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी कानावर पडायचं. वय पन्नाशीला टेकलेलं, बांधा ठेंगणा, स्टुलावर बसली की पाय अधांतरी. एका जागी स्वस्थ बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. गिऱ्हाईक नसलं तर पट्टा पूस, पिशव्या सारख्या कर, कागदाचा रोल उगाच काढून पुन्हा बसव, असं काहीतरी चालूच.

तिची रीत अशी होती. रांगेत पोर भोकाड पसरून रडतंय, आई घामाघूम, मागचे लोक उसासे टाकतायत. मावशी पोराला सरळ कामाला लावायची. “ए दादा, मला म्हातारीला दिसत नाही रे नीट. या साबणावर रेघा कुठायत, शोधून दे बरं.” पोर रडणं अर्धं सोडून साबण उलटासुलटा करायला लागायचं. रेघा सापडल्या की त्याच्याच हाताने, टीं. मग पुढची वस्तू. धाकटं तरीही ट्रॉलीत बसून रडत असेल तर ती मोठ्याला सांगायची, “तो रडतोय ना, थोपट त्याला. हळू हं. उगी उगी म्हण.” आणि ती एवढीशी पोरं एकमेकांना थोपटत उभी राहायची. मला लाडाचं वावडं आहे, पण हे बघताना माझाही हात थांबायचा.

हे वेड कुठून आलं, ते तिने एकदा चहाच्या सुट्टीत सांगितलं. तिची मुलं तीन आणि एक वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. नवरा फिरतीवर. एका दुकानात मोठ्या मुलाने बिस्किटांचा पुडा फोडला, धाकटीने जमिनीवर लोळण घेतली. बिल करणारी बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सांभाळता येत नाहीत तर आणता कशाला?” रांगेतलं कुणीतरी हसलं. मावशी भरलेली ट्रॉली तिथेच सोडून, एक पोर कडेवर आणि एक हाताला धरून बाहेर पडली. घरात दुधाचा थेंब नव्हता. “त्या बाईचा चेहरा नाही आठवत,” मावशी म्हणाली, “आवाज आठवतो.” आता तिची मुलं नोकऱ्यांना लागून लांब गेली आहेत. पण तिला या काउंटरवरून उठायचं नव्हतं. हात चालतात तोवर इथेच बसू द्या मला, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि मग ती बटणं आली.

हेड ऑफिसने प्रत्येक काउंटरच्या शेवटी, गिऱ्हाईक पिशव्या उचलतं तिथे, एक छोटा खांब बसवला. वर पाटी, ‘आजची सेवा कशी वाटली?’ खाली तीन बटणं. हिरवं हसरं, पिवळं सरळ तोंडाचं आणि लाल रडकं, त्याच्या गालावर एक मोठा थेंबसुद्धा काढलेला. दर महिन्याला लाल बटणं मोजून यादी लागणार. सलग तीन महिने जो शेवटी येईल त्याची रवानगी मागच्या गोदामात. तिथे खोकी फोडायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या, शीतघरातून माल काढायचा. गिऱ्हाईकाचं तोंड दिसायचं नाही. गोदामात गेलेलं माणूस परत काउंटरवर आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पहिल्या महिन्याची यादी लागली तेव्हा मी आधी माझं नाव शोधलं. मी फटकळ, त्यामुळे मनाची तयारी करून गेले होते. मी वरून दुसरी. तळाला टींमावशी, तीन हजार चारशे लाल. आम्हाला वाटलं छापताना चुकलंय. मावशी चष्मा कपाळावर चढवून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. “तीन हजार माणसं माझ्यावर नाराज आहेत,” ती म्हणाली, “आणि मला एकाचाही पत्ता लागला नाही.”

त्यानंतर तिच्या जिवाला चैन नव्हतं. अर्धा तास आधी यायला लागली. प्रत्येक आईला विचारायची, “माझं काही चुकलं का? सांगा हं, राग नाही येणार.” त्या बिचाऱ्या गोंधळायच्या. एकीने तर उलट तिचीच माफी मागितली, का ते तिलाही ठाऊक नसावं. दुपारी डबा उघडायची, दोन घास खायची आणि झाकण लावायची. मी म्हटलं, अहो जेवा. तर म्हणे, “रांगेतल्या बाईला विचारायचं राहिलंय ग.” दुसऱ्या महिन्यात लाल चार हजारांच्या वर गेले.

तिसरा महिना लागायच्या दोन दिवस आधी, दुपारी, माझ्यासमोर कुणी नव्हतं. मी स्टूल वळवून सरळ खांबाकडे तोंड करून बसले. म्हटलं, बघूच कोण दावा साधतंय. चारवर एक चारेक वर्षांची पोरगी होती. तिचं साबण, टूथपेस्ट सगळं टीं करून झालं. आई पिशवी भरायला वाकली. पोरगी खांबापाशी आली. तो खांब मोठ्या माणसाच्या कमरेइतका, म्हणजे बरोबर तिच्या नाकासमोर. तिने हसऱ्याकडे बघितलं, सरळ तोंडाच्याकडे बघितलं आणि रडक्याच्या गालावर तळहात ठेवून हळूहळू थोपटायला लागली. “उगी उगी. उगी उगी.” मी मोजलं. सात वेळा.

पुढच्या अर्ध्या तासात आणखी तिघांनी तेच केलं. मी तोंडावर हात दाबून हसले आणि मग माझं टाळकं सटकलं. म्हणजे हिनेच शिकवलेलं हिच्याच गळ्याशी आलं होतं.

मी मावशीला ओढत खांबापाशी नेलं आणि सांगितलं. ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि त्या बटणाकडे बघत राहिली. महिन्याभरात पहिल्यांदा ती मोकळी हसली. “म्हणजे नाराज कुणीच नाही,” ती म्हणाली.

“नाराज नाही, पण गोदाम आहे ना,” मी म्हटलं. “उद्यापासून पोरांना तिथे फिरकू देऊ नका.”

तिने एक सकाळ करून बघितलं. एका मुलाचा हात बटणाकडे गेला तशी ती म्हणाली, “हात लावायचा नाही.” जरा जोरातच निघालं तोंडातून. मुलाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि तो आईच्या मागे लपला. मावशीचा चेहरा उतरला. घरी जाताना म्हणाली, “मला नको सांगू पुन्हा. त्या बाईचा आवाज आला माझ्या तोंडून.”

आता इथे मी शेण खाल्लं. तिला न विचारता मॅनेजरकडे गेले. मॅनेजर तसा वाईट नाही. पोरगेलासा, टाय लावलेला, सदा पळत असतो आणि दर वाक्यात हेड ऑफिस असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. शांपूच्या रॅकमागे उभा राहून स्वतःच्या डोळ्यांनी दोन पोरं थोपटताना बघितली. “बरं झालं सांगितलंत,” म्हणाला. “मी मार्ग काढतो.” त्या संध्याकाळी मी नवऱ्याशीही भांडले नाही.

सोमवारी नवा तक्ता लागला. टींमावशी, काउंटर एक. पाटी, ‘फक्त दहा वस्तूंपर्यंत’. आणि चारवर मी.

“तिकडे मुलंबाळं घेऊन कुणी येतच नाही,” मॅनेजर खुशीत म्हणाला. “मावशी वाचल्या की नाही बघा.”

हिशेब चोख होता. एकवर यायची ती रेझर घेतलेली, शीतपेय घेतलेली, फोन कानाला लावलेली माणसं. मावशी त्यांना “या” म्हणायची आणि ते तिच्याकडे न बघता चालता चालता हिरवं दाबायचे. आठवड्याच्या आकड्यांत ती पहिली आली. मॅनेजरने तिचा फोटो मोठा करून एकच्या डोक्यावर लावला. खाली छापलं, ‘आमची सर्वोत्तम सेवा’. मावशी त्या फोटोखाली बसून दिवसातून दहादा पट्टा पुसायची.

“साहेबांना कुणी सांगितलं?” तिने मला विचारलं.

“मी,” म्हटलं.

“हं,” ती म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती चहाला माझ्याशिवायच गेली. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

इकडे चारवर सगळी पोरं माझ्या वाट्याला आली. मी काही राक्षसीण नाही. पण एका दुपारी एक पोरगी साबणाची वडी हातात फिरवत रेघा शोधत होती, शोधतच होती, रांग वाढत होती. मी तिच्या हातातून वडी घेतली. हिसकावली नाही, नुसती घेतली. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या आईनेही बघितलं. “त्या मावशी कुठे गेल्या?” आईने विचारलं. मी हनुवटीने एककडे दाखवलं.

त्या बाईने पाटी वाचली. मग माझ्या पट्ट्यावर मांडलेलं सगळं सामान पुन्हा ट्रॉलीत भरलं आणि निघाली. एकच्या रांगेत तिने मुलीच्या हातात मोजून दहा वस्तू दिल्या. दहांचं बिल झालं. मग ती पुन्हा रांगेच्या शेवटी गेली. पुन्हा दहा. ट्रॉली रिकामी व्हायला चार फेऱ्या लागल्या. चारही वेळा पोरीने रडक्याला थोपटलं. मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं, मला पाचवरूनही दिसलं असतं, मी तर चारवर होते.

दुसऱ्या दिवशी अशा दोघी आल्या. शाळेच्या फाटकापाशी आया काय बोलतात कुणास ठाऊक, पण आठवड्याभरात एकची रांग पोराटोरांनी गजबजली. प्रत्येकीच्या तीन-चार फेऱ्या, प्रत्येक फेरीला सहा-सात थोपटण्या. रेझरवाले पाय बदलत उभे, घड्याळं बघतायत, आणि त्यांतले काही खरंच चिडून लाल दाबतायत. मी चारवरून लाल बटणावर पडणारे हात मोजत राहायचे.

मॅनेजर पळत आला. “मावशी, हे चालणार नाही.”

“पाटी दहाची आहे साहेब. मी मोजून घेते.”

“अहो, महिना संपायला नऊ दिवस आहेत. तुम्ही पहिल्यावरून चौथ्यावर आलात. तळाला गेलात तर माझ्या हातात काही राहणार नाही.” तो खरंच कळवळून बोलत होता. “एक वाक्य म्हणा फक्त. भरलेली ट्रॉली चारवर. तुम्ही नाही म्हणालात तर त्या ऐकतील.”

मी हातातलं बिल तसंच ठेवून ऐकत होते. मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा हो मावशी, एक वाक्य तर आहे. तिने खांबाकडे बघितलं. समोर एक पोरगा दुधाच्या पावडरचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा होता, डबा फिरवत रेघा शोधत.

“साहेब, जरा बाजूला व्हा,” मावशी म्हणाली. “त्याच्या डब्यावर तुमची सावली येतेय.”

यादी लागली. तळाला टींमावशी, सलग तिसऱ्यांदा. मॅनेजरने स्वतःच स्टुलावर चढून एकच्या डोक्यावरचा फोटो खाली उतरवला आणि तो तिला द्यावा की टाकावा ते न कळून हातात घेऊन उभा राहिला. मावशीने तो घेतला नाही.

सोमवारी ती गोदामाकडे जाताना माझ्यापाशी थांबली. मला रडू आवरेना. मी म्हटलं, “मावशी, मी तोंड उघडलं नसतं तर...”

“तरी गेलेच असते ग,” ती म्हणाली. “पण मध्ये ते पंधरा दिवस मला हसऱ्यांत बसवलंस ना, ते नको होतं करायला.”

मग ती मागच्या दाराने आत गेली आणि माझ्या पट्ट्यावर कुणीतरी दुधाची पिशवी ठेवली.